झाकणावरचा आकडा

सांगलीत पूर्वी ‘पेटी’ म्हटलं की लोक सूर धरायला बसायचे. आता पेटी म्हणजे गेलेल्या माणसाचा आवाज. ज्यांच्या घरी अशी पेटी होती त्या सगळ्यांना पेट्या बनवणाऱ्या केंद्रानं त्या रविवारी सकाळी सभागृहात बोलावून घेतलं होतं, कारण आठवडाभराच्या बातम्यांनी त्यांचं धाबं दणाणलं होतं. परदेशातल्या कुठल्याशा पुंज-संगणकानं, म्हणजे क्वांटम कॉम्प्युटरनं, सहाशे अंकी आकडा काही मिनिटांत फोडला होता, आणि पेट्यांची कुलपं नेमकी तसल्याच आकड्यांची होती.

ऋजुता हेरवाडकर शेवटच्या रांगेत, पर्स छातीशी धरून बसली होती. ती हळद तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करायची, त्यामुळे सुट्टीच्या दिवशीही तिची बोटं पिवळीच असत. पर्समध्ये तांब्याची एक चकती होती. तिची एकुलती एक मुलगी मिहिका अकराव्या वर्षी डेंग्यूनं गेली. मिहिकाची पेटी विश्रामबागेत नवऱ्याच्या घरी होती, आणि ऋजुता गेली दोन वर्षं गावभागात भावाच्या माडीवर राहत होती. त्या पेटीचं अर्धं कुलूप आपल्या पर्समध्ये आहे, एवढ्याच भरवशावर तिला झोप लागायची.

“घाबरायचं काही कारण नाही,” केंद्राचे अधिकारी बेडकिहाळे म्हणाले आणि त्यांनी फळ्यावर २२१ लिहिलं. “याचे तुकडे करा बघू कुणीतरी.”

सभागृहातली बरीच माणसं छताकडे बघायला लागली.

“तेरा गुणिले सतरा. दोन्ही मूळ संख्या, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून त्यांना दुसरं कुणी भागत नाही. दोन मूळ संख्या गुणायला क्षण लागत नाही. पण नुसता गुणाकार हातात देऊन म्हटलं, मूळच्या दोघी शोधा, की झाली पंचाईत. एकेक करत भागून बघायचं. आकडा सहाशे अंकी असला तर सूर्य विझेल, शोध संपायचा नाही. आता संपतो म्हणतात. संपू दे की! शोधायला आधी गुणाकार हातात पडायला हवा ना? तुमच्या पेटीचा गुणाकार फक्त दाखल्यावर आहे, आणि दाखला आमच्या तिजोरीत.”

लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. ऋजुतानं मात्र हात वर केला.

“आणि तो आकडा पेटीच्या झाकणावरच कोरलेला असला तर?”

“झाकणावर?” बेडकिहाळ्यांनी चष्मा वर केला. “कुणी कोरला?”

“मिस्टरांनी. हौसेनं.”

सभागृहात हशा पिकला. बेडकिहाळेही हसले, पण लगेच सावरले. “मग ताई, पुंज-संगणकाची वाट कशाला बघायची? काखेत कळसा आणि गावाला वळसा. एक चकती ज्याच्या हातात आहे, त्यानं झाकणावरच्या आकड्याला तिच्यावरच्या संख्येनं भागायचं. दुसरी आपोआप हजर. दोनशे एकवीसला तेरानं भागलं की सतरा. शोधायचं काही नाहीच. चौथीतला भागाकार आहे.”

ऋजुताच्या पायाखालची वाळू सरकली. पुढचं काही तिनं ऐकलं नाही.

मिहिका गेली तेव्हा मागे तिची चार-पाच वर्षांतली बडबड साठून राहिली होती. मनगटावरच्या पट्ट्यात, शिकवणीच्या पाटीत, आजारपणात दवाखान्याच्या यंत्रातसुद्धा. केंद्रानं ती सगळी गोळा करून तिचा आवाज, तिचे शब्द, तिचं एकावरून दुसऱ्यावर उड्या मारणं पेटीत उभं केलं. पेटीला एक काचेचा डोळाही होता. बोललेलं सगळं ती लक्षात ठेवायची आणि पुढच्या वेळी तिथूनच सुरू व्हायची. मोठ्या माणसाची पेटी वारसांनी केव्हाही उघडावी. पण लहान मुलाच्या बाबतीत कायद्यानं आई आणि बाप दोघांची संमती लागे, म्हणून दोघांना एकेक मूळ संख्या दिली जायची, तांब्यावर टोचून, दुसऱ्याला न दाखवता. दोन्ही चकत्या खाचेत बसल्या आणि गुणाकार जुळला की पेटी बोलायची.

ऋजुताचा नवरा शार्दूल महाविद्यालयात गणित शिकवायचा. लेकीला त्यानं मूळ संख्यांचं वेडच लावलं होतं. तो चिक्कीचे तेरा तुकडे पुढ्यात ठेवायचा आणि म्हणायचा, सगळ्यांना सारखे वाटून दाखव. मिहू सगळे प्रकार करून बघायची आणि शेवटी वैतागून म्हणायची, “एकलकोंडी आहे ही संख्या!” सात वर्षांची असताना ‘मी मूळ आहे’ म्हणून ती शाळाभर मिरवली. आठव्या वाढदिवसाला रडली, आता माझे तुकडे होणार म्हणून. अकराव्याला पुन्हा मूळ झाली, आणि तशीच राहिली.

चकत्या मिळाल्या त्या दिवशी ऋजुतानं विचारलं होतं, “हा एवढा लांबलचक आकडा मूळच आहे कशावरून? सगळ्या संख्यांनी भागून बघितलं का कुणी?”

“तेवढा वेळ विश्वातच नाही,” शार्दूल म्हणाला होता. “म्हणून साक्षीदार बोलावतात. कुठलीही दुसरी संख्या घ्यायची आणि एक ठरलेलं गणित करून तिला विचारायचं, ही फुटकी आहे का? संख्या फुटकी असेल तर चारातले निदान तीन साक्षीदार तिच्याविरुद्ध बोलतात. तुकडे कुठले ते त्यांना सांगता येत नाही, पण फुटकी आहे एवढं सांगतात. असे चाळीस साक्षीदार चिठ्ठ्या टाकून निवडायचे. एकही विरुद्ध बोलला नाही, तर मूळ म्हणायचं.”

“म्हणजे शंभर टक्के खात्री नाहीच.”

“एवढ्या खात्रीवर जगाचे व्यवहार चालतात, ऋजू.”

नंतर, दाखला केंद्राच्या तिजोरीत जाण्याआधी, त्यानं त्यावरचा गुणाकार उतरवून घेतला आणि पितळी पाट्या करणाऱ्या कारागिराकडून झाकणावर कोरून आणला. ऋजुताला ते रांगोळीच्या ठिपक्यांसारखं दिसलं आणि खरं सांगायचं तर आवडलं. “अरे, पण सगळ्यांना दिसणार की हे,” ती म्हणाली होती. “दिसू दे, दिसून कुणाला काही उपयोग नाही,” असं त्यानं शांतपणे सांगितलं होतं.

कुणाला! गणिताच्या मास्तरला ‘कुणाला’ म्हणजे कुणाकुणाला हे कळत नसतं होय?

तीन वाढदिवस त्यांनी बोलावणं केलं. गावात आता तसा रिवाजच पडला होता. आंघोळ करायची, शिरा करायचा, दारं लावून पेटीसमोर बसायचं. तिसऱ्या वर्षी मिहू शाळेतल्या मैत्रिणींची चौकशी करता करता मध्येच थांबली आणि म्हणाली, “तुम्ही झाकण लावता ना, तेव्हा मी कुठे असते?” शार्दूल तोंडावर हात धरून रडायला लागला. “सांग ना आई, मी—” एवढं ती म्हणाली आणि ऋजुतानं आपली चकती उपसून काढली. पेटी वाक्यातच गप्प झाली.

त्या दिवसानंतर तिनं कानाला खडा लावला. शार्दूलला दर रविवारी बोलावणं हवं होतं, हिला कधीच नको होतं. पोरीला एकदा मरताना पाहिलं, आता दर वर्षी आपल्या हातानं मारायचं नाही. भांडणं झाली, अबोला झाला, आणि एका सकाळी चकती घेऊन ती भावाकडे निघून आली. पेटी खुशाल त्याच्याकडे राहू दे, असं तिनंच म्हटलं होतं. तिच्यावाचून ती उघडणारच नव्हती.

सभागृहाच्या बाहेर गुलमोहराखाली उभं राहून तिनं फोन लावला. शार्दूल अभ्यासक्रमाच्या बैठकीसाठी पुण्याला गेला होता.

“तुला माहीत होतं?”

“काय माहीत होतं?”

“भागाकार.”

पलीकडे कुणीतरी कपबशा आवरत असल्याचं तिला ऐकू आलं.

“पहिल्या दिवसापासून,” तो म्हणाला. “आकडा कोरून आणला तेव्हा डोक्यात फक्त मिहू होती. तिचा आकडा, असं वाटलं. घरी येऊन झाकण बसवलं आणि लक्षात आलं, काय करून बसलो.”

“आणि मला सांगितलं नाहीस.”

“सांगितलं असतं तर पेटी माझ्याकडे ठेवू दिली असतीस?”

“किती वेळा उठवलंस तिला?”

“एकदाही नाही.”

“शपथ घे.”

“कुणाची घेऊ? जिची घ्यायची ती त्या पेटीत आहे.”

“दोन वर्षं, शार्दूल! दर रविवारी हवी होती तुला ती. पेटी घरात, चकती हातात, चौथीतला भागाकार. कोण विश्वास ठेवेल?”

“कुणी नाही,” तो म्हणाला. “तुझ्या जागी असतो तर मीही नसता ठेवला.”

तिनं फोन बंद केला. एका आकड्यासाठी चाळीस साक्षीदार लागतात, आणि इथं सगळ्या त्रिभुवनात एकच होता, तोही पेटीत. आपल्याला त्या घराकडे जायचं नाही, असं स्वतःला बजावत ती रिक्षात बसली आणि रिक्षावाल्याला विश्रामबाग म्हणाली.

घराची एक किल्ली शार्दूलनं तिच्याजवळच राहू दिली होती. ‘कधी वाटलं तर येऊन बसत जा तिच्या खोलीत,’ असं म्हणून. ती कधी आली नव्हती. खोलीत दुपारचं ऊन पसरलं होतं. अभ्यासाच्या टेबलावर पेटी होती, आणि झाकणावरचं पितळ चिंच लावून घासल्यासारखं लखलखत होतं. ते पाहून तिला पहिल्यांदा रागच आला. ज्या वस्तूला रोज हात लागतो तीच अशी चकाकते.

खाचेला तिनं हात लावला नाही. नुसतं बघू, खरंच होतं का, एवढंच तिच्या मनात होतं. माणूस बुडतो तो असाच, नुसता पाय भिजवायला म्हणून उतरतो. तिनं झाकणाचा फोटो काढला, चकतीचा काढला आणि मोबाइलला सांगितलं, याला यानं भाग. डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर आलं. बाकी शून्य. आणि तिनं कधीही न पाहिलेला, न विचारलेला, शार्दूलनं एवढी वर्षं पाकिटात जपलेला आकडा समोर हजर झाला. कुणाच्या तरी न्हाणीघरात चुकून डोकावल्यासारखं तिला झालं.

चकती हरवली तर आकडा थेट भरायची सोय पेटीत होती. तिनं आपली चकती खाचेत बसवली आणि त्याचा आकडा मोबाइलवरून पेटीकडे धाडला. काचेचा डोळा उजळला.

“—कुठे असते?” मिहू म्हणाली.

ऋजुता टेबल धरून उभी होती.

“अगं आई, सांग ना! आणि बाबा कुठे गेला? आत्ता तर इथं बसून रडत होता.”

ऋजुता खुर्चीत बसली. दोन वर्षांपूर्वी तिनं अर्धं तोडलेलं वाक्य मिहूनं पुरं केलं होतं. त्याच्या मधे कुणी आलेलं नव्हतं, कुणी एक शब्द बोललेलं नव्हतं. याहून चांगला साक्षीदार कुठल्या कोर्टात मिळाला नसता. शार्दूल खरं बोलत होता. भागाकार फक्त एकानं केला होता, तिनं. लाजेनं तिचे कान गरम झाले.

“आई, तुझे केस! एकदम पांढरे कसे झाले?”

“वेळ गेला, मिहू. दोन वर्षं.”

“दोन वर्षं? मला कळलंच नाही.”

“म्हणजे, झोप लागल्यासारखं असतं का गं?”

“छे! झोपेतनं उठलं की झोपलो होतो हे कळतं. हे तसं नाही. तू चकती ओढलीस आणि लगेच आलीस.”

“दुखतबिखत नाही ना?”

“काय दुखणार? मधे काही नसतंच.”

या एका उत्तराला घाबरून ऋजुतानं घर सोडलं होतं. आणि ते उत्तर इतकं साधं होतं. तिला हसू यायला लागलं, आणि हसताना डोळ्यांतून पाणी गळत होतं ते तिनं पुसलंही नाही.

“मग मी अजून अकराचीच?” मिहूनं विचारलं.

“हो.”

“आणि तू?”

“सत्तेचाळीस.”

“मूळ!” मिहू ओरडली. “आणि बाबा?”

“एकोणपन्नास.”

“सात सत्ते. अरेरे, बाबाचे तुकडे होतात.” मग काचेचा डोळा जरा वळला. “पण बाबाची चकती कुठाय? खाच रिकामी आहे. आई! तू भागाकार केलास?”

ऋजुतानं मान हलवली. मिहू खदखदून हसली, अगदी दुधाचे दात पडले तेव्हा हसायची तशी.

“मी पहिल्याच वेळी बाबाला म्हटलं होतं, झाकणावर कशाला लिहिलंस, कुणीही उघडेल. तू शिरा आणायला गेली होतीस तेव्हा. तो म्हणाला, आईला सांगू नकोस, ती घाबरेल. म्हणाला, मी तो भागाकार कधीच करणार नाही. आणि आई तर करणारच नाही.” ती पुन्हा हसली. “हरला बाबा!”

“मी त्याला बोलावते,” ऋजुता घाईघाईनं म्हणाली. “मग दोघं मिळून येतो. दोन्ही चकत्या लावून.”

“लगेच?”

“तुला लगेचच वाटेल.”

तिनं चकती ओढली. मग तिनं फोन लावला.

“मी भागाकार केला,” ती म्हणाली. “आत्ता. घरी येऊन.”

तो रागावेल, निदान टोमणा तरी मारेल, असं तिला वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं.

“काय म्हणाली ती?” त्यानं विचारलं.

“म्हणाली, बाबा कुठे गेला? आत्ता तर इथं बसून रडत होता.”

तो काही बोलायच्या आत तिनंच पुढे म्हटलं.

“माझं चुकलं, शार्दूल. तुझ्यावर संशय घेतला आणि स्वतःच चोरी केली.”

“मी निघतो. दिवेलागणीपर्यंत पोचतो. ती... उघडीच आहे का?”

“नाही. तू ये. पहिल्यासारखं करू, दोघांनी. आणि मग तो पितळी पत्रा काढून टाकायचा.”

“पत्रा काढून काय होणार? तो आकडा आता तुझ्या मोबाइलमध्ये आहे.”

“पुसते.”

“पूस. मी आल्यावर पेटी तू तुझ्याकडे घेऊन जा हवी तर. पण आधी पूस, ऋजू. माझं ऐक. ही दोन वर्षं मी रोज सकाळी झाकण घासतोय, ते कशासाठी? हात दुसऱ्या कामात राहावेत म्हणून. तो आकडा एकदा बघितला की सुटका नाही.”

“पुसते म्हटलं ना,” ती म्हणाली.

फोन ठेवून तिनं मोबाइल हातात घेतला. आकडा समोरच होता. तिनं त्याच्यावर बोट ठेवलं. खोलीतलं ऊन टेबलावरून खाली उतरत होतं आणि पुण्याहून यायला अजून बराच अवकाश होता.

शार्दूल आला तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागले होते. दार ऋजुतानंच उघडलं. तिचे डोळे सुजले होते, पण चेहरा त्यानं कित्येक वर्षांत पाहिला नव्हता इतका सैल झाला होता. घरभर तुपावर भाजलेल्या रव्याचा वास होता. त्यानं चपला काढल्या, हातपाय धुतले, आणि दोघं पेटीसमोर बसली. त्यानं पाकिटातून आपली चकती काढली, तिनं पर्समधून आपली. दोन वर्षांनी त्यांचे हात एकमेकांना लागले.

“पुसलास?” त्यानं हळूच विचारलं.

“आधी लाव तू,” ती म्हणाली.

दोन्ही चकत्या खाचेत बसल्या. काचेचा डोळा उजळला.

“बाबा!” मिहू किंचाळली. “आई, या वेळी खरंच आला गं!”

शार्दूलचा हात खाचेजवळच राहिला. “या वेळी म्हणजे?”

“अरे, आई सारखी येते आणि म्हणते, बाबा वाटेत आहे. थोडं बोलते. मग म्हणते, आता शेवटचं, आणि झाकण लावते. आणि लगेच परत येते.”

शार्दूलनं वळून बायकोकडे पाहिलं. ऋजुता शिऱ्याच्या ताटलीकडे बघत होती. तिची पिवळी बोटं मांडीवरच्या मोबाइलवर घट्ट मिटलेली होती. त्यानं पेटीकडेच तोंड केलं आणि जमेल तेवढ्या साध्या आवाजात विचारलं,

“किती वेळा आली गं आई?”

“सात,” मिहू आनंदानं म्हणाली. “मूळ आहे, बाबा. सारखे वाटे नाही करता येणार.”